पायांत आलेलं बळ

“एक ठेवून देऊ काय?”

इतर लोक ‘काय म्हणताय’ म्हणतात, तसं काकू हे वाक्य म्हणायच्या. दूधवाला उशिरा आला, ब्लाउज न्यायला आलेली बाई बाही जरा सैल झाली म्हणाली, समोरच्या पोरांचा चेंडू अंगणात आला, की हे वाक्य यायचं आणि त्याबरोबर उजवा पंजा कानाच्या उंचीपर्यंत वर जायचा. बहुतेकांचं वाक्यावर भागायचं. माझं भागलं नाही. पहिल्याच दिवशी काकूंनी मला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ठेवून दिली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे सांगलीहून म्हैसूरला आले आणि जयलक्ष्मीपुरमच्या एका लहानशा दवाखान्यात काम करू लागले. जवळच्याच विजयनगरातल्या, घरी मराठी बोलणाऱ्या या शिंपीणकाकूंकडे मला पाठवलं ते केवळ मराठी येतं म्हणून. त्यांची लेक हुबळीला असते. तिनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, “अम्माला उठवा. बाकी काही नको.”

मी त्यांचा गुडघा किती वाकतो ते बघत होते. तो फार वाकत नव्हता. मी जरा जोर दिला, तोच कानशिलात जाळ झाला आणि माझा चष्मा उडून कापडाच्या चिंध्यांत पडला.

“दुखतंय म्हणून सांगितलं का नाही तुला?” काकू म्हणाल्या.

“नाही सांगितलं.”

“मग आता सांगितलं.”

तेवढ्यात आतून त्यांचे यजमान कॉफी घेऊन आले. सडपातळ, पांढरी लुंगी, खिशाला सुया टोचलेल्या. त्यांनी चष्मा शोधला, शर्टाच्या टोकानं पुसला, माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, “उद्यापासून उजव्या बाजूला बसू नका.”

काकूंचं वजन किती होतं ते मला सुरुवातीला कळलंच नाही, कारण काट्यावर चढायलाच त्यांना येत नव्हतं. साखर होती, रक्तदाब होता, पाय सुजून पायपुसण्यासारखे मऊ झाले होते. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून रात्री बसूनच झोपायच्या. न्हाणीघरात एकदा पडल्या, तेव्हा उठवायला गल्लीतली माणसं बोलवावी लागली. त्या दिवसापासून त्यांनी पुढच्या खोलीतली रुंद लाकडी खुर्ची धरली. ती खोली म्हणजेच दुकान. खुर्चीत बसून त्या हुकूम सोडायच्या आणि काका कापायचे, शिवायचे, ‘मास्तर, मास्तर’ करणाऱ्या गिऱ्हाइकांना तोंड द्यायचे. काकांनी कॉफीचा पेला ठेवण्याची एक जागा ठरवलेली होती. काकू पुढे वाकल्या तर पेल्याला हात पोचायचा, पण पेला ठेवणाऱ्याला पोचायचा नाही.

त्यांच्या चांगल्या दिवसांतल्या गोष्टी मला गल्लीनं सांगितल्या, आणि खूप रंगवून सांगितल्या. सिटी बसमध्ये एका कंडक्टरनं म्हातारीला ढकललं, तर काकूंनी त्याला असा हाणला की त्याची शिट्टी त्याच्याच दातांत अडकली. एका गिऱ्हाइकानं शिलाईला नावं ठेवली, तर गरम इस्त्री फेकली. ती बाई वाकली म्हणून वाचली, दाराच्या चौकटीवर इस्त्रीचा काळा त्रिकोण अजून आहे. मोटारसायकलवरून येऊन बायकांच्या गळ्यातलं ओढून नेणारा एक चोर त्यांच्या तावडीत सापडला होता. पोलीस आले ते चोराला पकडायला नव्हे, सोडवायला. त्या वेळी गल्लीनं शाल-नारळ देऊन काकूंचा सत्कार केला होता.

तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल. तिच्या गोष्टी सांगताना आपण हसतो. मीही हसले. मग समोरच्या घरातल्या बाई हसता हसताच म्हणाल्या, “आणि यजमानांना तर काय, रोजच प्रसाद.”

तो प्रसाद कापड मोजायच्या लाकडी गजानं मिळायचा. कापताना चूक झाली की गज. भाजीत मीठ कमी पडलं की गज. एकदा भर रस्त्यात काका तोंडाला रुमाल लावून उभे होते आणि रुमालातून रक्त गळत होतं; लोकांनी विचारलं तर म्हणाले, दात काढून आलो. नवऱ्यानं बायकोला मारलं की गल्ली खिडक्या लावून घेते. बायकोनं नवऱ्याला मारलं की खिडक्या उघडते. काकांच्या बाबतीत वर्षानुवर्षं खिडक्या उघड्या होत्या आणि एकही दार उघडलं नव्हतं.

मी काम सुरू केलं. काकूंना वाटत होतं मी तेल लावून पाय चोळीन. मी त्यांच्या खुर्चीत दोन जाड उश्या घातल्या, त्यांना उंच बसवलं आणि म्हणाले, “आता उठा.”

“उठता आलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं? सुम्ने बोलू नको.”

सुम्ने म्हणजे उगाच. या शब्दाशिवाय त्यांचा दिवस जात नसे.

मी त्यांना त्यांच्याच धंद्याच्या भाषेत सांगितलं. रक्तातली साखर म्हणजे दुकानात पडून राहिलेला माल. त्याला गिऱ्हाईक एकच, स्नायू. स्नायूंनी ओझं उचललं की ते माल उचलतात. नुसतं बसून राहिलं की स्नायू विरतात, गिऱ्हाईक तुटतं, माल कुजतो. वजन काट्यावर भराभर उतरेल असं मी म्हणत नाही. पण मांडीत आणि पाठीत बळ आलं तर साखर ऐकेल, गुडघ्यावरचा भार हलका होईल, दम कमी लागेल.

“आणि उठता येईल?”

“येईल.”

“कुणाला न धरता?”

“कुणाला न धरता.”

“आयतु, बरं,” काकू म्हणाल्या. “शिकव.”

पहिले काही आठवडे युद्धच होतं. रबरी पट्टा ओढायला दिला तर तो त्यांनी माझ्या अंगावर सोडला. मानेवर वळ उठला. तांदळाची पिशवी उचलायला दिली तर फेकली, आणि काका दुपारभर फरशीवरचे तांदूळ वेचत बसले. पण काकू थांबल्या नाहीत. उश्यांवरून उठताना त्यांचा चेहरा जांभळा व्हायचा, तोंडातून अशा शिव्या निघायच्या की शेजारी रेडिओ मोठा करायचे. कन्नड शिव्या, मराठी शिव्या, आणि दोन्ही मिळून केलेल्या काही खास घरगुती. शिव्या देत देत त्या उठायच्या, दोन क्षण उभ्या राहायच्या आणि धप्पकन बसायच्या. मी एक उशी काढून टाकली. मग उशी अर्धी केली.

पट्टा ओढताना त्यांच्या दंडावरचा पदर सरला, तेव्हा मला ते डाग दिसले.

दंडाच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी मऊ असते, तिथं. काही निळे, काही पिवळे पडत आलेले. साखरेच्या माणसाला जरा लागलं तरी डाग पडतो, हे मला माहीत आहे. पण हे डाग चिमट्याएवढे होते आणि एका ओळीत होते, मोजूनमापून टाके घातल्यासारखे.

“हे काय, काकू?”

“मशीनला लागलं.”

“मशीनवर तुम्ही कित्येक महिन्यांत बसला नाहीत.”

“साकु,” काकू म्हणाल्या. पुरे. आणि पट्टा ओढू लागल्या.

त्यानंतर एके दिवशी माझा आधीचा पेशंट आला नाही, म्हणून मी त्यांच्याकडे लवकर पोचले. फाटकातून पुढच्या खोलीची खिडकी दिसते. काका खुर्चीसमोर उभे होते, हातात इडलीची ताटली. ती त्यांनी मशीनवर ठेवली. चमचा पडेलसा वाटला म्हणून सरळ केला. मग काकूंच्या थोबाडीत मारली. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. काकूंनी हात उगारला, तेव्हा ते दोन पावलं मागे सरले, तो हात हवेत फिरून खाली येईपर्यंत थांबले, पुन्हा पुढे आले आणि दंडाला चिमटा घेऊन पिरगळला.

मी ओरडले. काकांनी माझ्याकडे पाहिलं, ताटली बायकोच्या मांडीवर ठेवली आणि कॉफी करायला आत गेले.

मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. जे काही बोलायचं ते बोलले, आवाज चढवून बोलले. ते दुधाकडे बघत राहिले.

“या बाजूनं बोला,” ते शेवटी म्हणाले. “त्या कानानं मला ऐकू येत नाही. तिनं फोडला.”

मी बाजू बदलली.

“डॉक्टरम्मा, तुम्ही आलात ते चांगलं केलंत,” काका म्हणाले. “तिला मारताना बघितलं की कुणीतरी येतं. माझ्या वेळी कुणी आलं नाही.”

“म्हणून आता तुम्ही?”

“राग नाही हो मला तिचा. खरंच नाही. ती पडल्यावर एक दिवस खुर्चीतनं माझ्यावर ओरडली, आणि माझा हात गेला. पहिल्यांदाच. मग मी उभा राहिलो. म्हटलं, आता ही उठेल आणि मला मारून टाकेल. वाट बघत राहिलो.” दूध वर आलं, त्यांनी गॅस बारीक केला. “ती उठलीच नाही.”

मी त्यांना बजावलं, की एक जरी नवा डाग दिसला तरी सरळ पोलीस ठाण्यात जाईन. त्यांनी मान हलवली. बाहेर आले तर काकू पदरानं तोंड पुसत होत्या.

“हुबळीला कळवलंस तर एक ठेवून देईन,” त्या म्हणाल्या.

मी त्याच संध्याकाळी हुबळीला कळवलं.

लेक दुसऱ्याच दिवशी आली. मला वाटलं होतं ती बापावर तुटून पडेल किंवा आईच्या गळ्यात पडेल. तिनं दोन्ही केलं नाही. दारातच उभी राहून म्हणाली, “मी लहान असताना त्या कटिंगच्या टेबलाखाली बसायची. तिथनं फक्त पाय दिसायचे. कुणाचे पाय मागे जातात त्यावरनं कळायचं काय चाललंय ते.” मग म्हणाली, “अप्पांचेच जायचे. आता उलटं झालं एवढंच.”

तरी तिनं आईला घेऊन जायचं ठरवलं. काकू म्हणाल्या, “चार माणसं लावून उचलून नेणार काय मला? येईन तर माझ्या पायानं येईन.” बापानं देवाची शपथ घेतली. दिवसभरासाठी एक बाई ठेवली गेली. तिसऱ्या दिवशी काकूंनी तिला पळी फेकून मारली आणि ती गेली. लेक आणखी दोन दिवस राहिली, रडली, आणि आपल्या नोकरीवर परत गेली.

काकूंना मी स्पष्ट विचारलं. काका सकाळी दूध आणि फुलं आणायला जायचे, तेवढा वेळ आम्ही दोघीच असायचो.

“काकू, मारायलाच उठणार असाल तर मी येणार नाही.”

“मग कशाला उठायचं?”

“संडासला जायला. स्वतःच्या पायांनी.”

त्या मोठ्यानं हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या असाव्यात, कारण हसताना त्यांना खोकला आला. “ते पण,” म्हणाल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, “तो मारतो त्याचं मला काही नाही, डॉक्टरम्मा. मीच शिकवलं त्याला. पण मी बसलेली असताना मारतो ना, ते सोसत नाही. तू मला उभं कर.”

मी जात राहिले. बाई आजारी होती, तिचे पाय सुजत होते, तिचा श्वास झोपेत अडकत होता. माझं काम पायांत बळ आणण्याचं. ते पाय कुणाच्या दिशेनं जातील हे कुठल्याही पुस्तकात शिकवलेलं नसतं.

बळ मात्र येत होतं. खुर्चीतली शेवटची उशी गेली. भिंतीला हात टेकून अंग ढकलायला त्या शिकल्या, मग ओट्याला टेकून. पाण्यानं भरलेला कॅन दोन्ही हातांनी उचलून न्हाणीघरापर्यंत नेऊ लागल्या. पायांची सूज उतरली. अंग काही बारीक झालं नाही, पण लोंबणारे दंड घट्ट झाले. एक दिवस म्हणाल्या, “रात्री आडवी झोपले गं. भीतच झोपले, पण सकाळ झाली.” त्यांच्या डॉक्टरांनी साखरेची एक गोळी बंद केली, तेव्हा तर त्यांनी ती उरलेली पाकिटं सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवली.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला निक्षून सांगितली होती. “त्याला कळू देऊ नको मला उठता येतंय ते.” काका घरात असले की काकू खुर्चीत तशाच ढेपाळून बसायच्या, पूर्वीसारखं पाणी मागायच्या. मी दोनदा म्हटलं, हे बरं नाही, मी सांगून टाकते त्यांना. दोन्ही वेळा त्यांनी माझं मनगट असं धरलं, की ते बळ मीच आणलंय हे माझ्या हाडांना कळलं.

श्रावणातली वरमहालक्ष्मी जवळ आली होती. इथं त्या पूजेला बायका नवी ब्लाउजं शिवून घेतात. दुकान कापडांनी भरलं होतं. सकाळचीच वेळ. काका दूध-फुलं घेऊन परतले होते आणि कापायला लागले होते. मी माझा पट्टा गुंडाळून मागे हात धुवायला गेले होते. पुढून काकूंचा आवाज आला, “गाढवा, गळा उलटा कापलास की रे!” आणि मग गजाचा आवाज. लाकूड अंगावर पडतं तेव्हा एक बोदा आवाज येतो. एकदा ऐकला की तो ओळखायला चूक होत नाही.

मी धावत आले. काकांनी दुसऱ्यांदा गज उगारला होता. मी घरात आहे हे ते विसरले असतील, किंवा त्यांना आता त्याचं काही वाटत नसेल.

काकू उठल्या. खुर्चीच्या हातांना हात न लावता, पाठ सरळ, टाचांवर भार, मी शिकवलं होतं तसं. काकांच्या तोंडाचा आ झाला. गज वरच राहिला. काकूंनी तो हिसकावला आणि मारला. पहिला घाव हातावर. दुसरा पाठीवर. काका मशीनवर आदळले, मशीनवरची कापडं त्यांच्या अंगावर पडली. तिसरा घाव खांद्यावर बसला आणि गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मला दारातून ऐकू आला.

मी काकूंच्या हाताला लोंबकळले. त्यांनी मला एका झटक्यात भिंतीवर फेकलं. मी पुन्हा उठून त्यांच्या कमरेला मिठी मारली. चौथा घाव फरशीवर पडला आणि गज मधोमध मोडला.

काका मशीनखाली अंगाचं गाठोडं करून पडले होते, गुडघे छातीशी, एक हात डोक्यावर. रडणं नाही, ओरडणं नाही. आवाजच नव्हता. असं पडायचं कसं, हे त्यांना पाठ होतं.

काकू हातात अर्धा गज घेऊन उभ्या होत्या. त्यांनी छातीवर हात ठेवून बघितला आणि माझ्याकडे वळून, खरोखर नवल वाटल्यासारखं, म्हणाल्या, “दम लागला नाही गं.”

एवढ्यात दार उघडून शेजारी आत आले. या वेळी आले.

रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. काका म्हणाले, “शिडीवरनं पडलो.” इतक्या सहज म्हणाले, की आजवर ते किती शिड्यांवरून पडले असतील याचा मला अंदाज आला. मी मध्ये बोलले, जे पाहिलं ते सांगितलं. काकांनी डॉक्टरांपुढे हात जोडले, एकच हात, कारण दुसरा उचलत नव्हता. म्हणाले, “या बाई बाहेरच्या आहेत, त्यांना माहीत नाही.” काकू बाकावर बसून हे ऐकत होत्या. त्यांची मान खाली होती.

हात गळ्यात अडकवून काका घरी आले. आता त्यांना बटण लावता येत नव्हतं, घास घेता येत नव्हता. काकू त्यांना भरवू लागल्या. ओट्यापाशी उभ्या राहून स्वयंपाक करू लागल्या, कितीतरी काळानंतर. मी दोघांना बघायला जायचे.

एका सकाळी काकू फाटकातच मला भेटल्या. डोळे सुजलेले होते.

“डॉक्टरम्मा, घास घेऊन हात वर नेला की त्याचं डोळं मिटतंय. मान अशी आत जाते. भात आहे रे, भात आहे म्हणते, तरी मिटतंय.” त्यांनी स्वतःचा पंजा उलटासुलटा करून बघितला. “आधीपासनं असंच मिटत होतं काय गं? मी कधी बघितलंच नाही त्याच्या तोंडाकडं.”

त्या दिवसापासून काकू काहीही करायच्या आधी मोठ्यानं सांगू लागल्या. “पाणी देते रे.” “चादर ओढते, हात येतोय.” “मागनं जाते तुझ्या.” सगळी गल्ली ऐकायची. काही बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला हसू आलं नाही.

हाड जुळल्यावर मी काकांचा खांदा सोडवायला घेतला. हात पुढून हळूहळू वर न्यायचा, रोज थोडा अधिक. काकू समोरच बसल्या होत्या, भाजी निवडत. काकांचा हात माझ्या आधारानं छातीच्या वर गेला, खांद्याच्या वर गेला. माझं लक्ष सहज काकूंकडे गेलं. हातातली भेंडी तशीच, आणि डोळे घट्ट मिटलेले. काकांनीही ते पाहिलं. त्यांनी माझ्या हातातून आपला हात सोडवला आणि खाली घेतला.

“आज पुरे,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना सांगितलं, मी कृष्णराजनगरला भावाकडे जातो. तिथं भावाचं घर आहे, कालव्याकाठी भाताची जमीन आहे. राहीन, हातशिलाई करीन. मला वाटलं, काकू आता घर डोक्यावर घेतील. त्या एवढंच म्हणाल्या, “कधी?”

मी त्यांच्यासोबत बसस्टँडला गेले, कारण लेकीनं मला तशी विनंती केली होती. काकांची ट्रंक काकूंनी उचलली. फाटकातल्या रिक्षापर्यंत आणि स्टँडवर रिक्षापासून बसपर्यंत. ज्या बाईला न्हाणीघरातून उचलायला माणसं लागली होती, ती लोखंडी ट्रंक छातीशी धरून गर्दीतून चालत होती आणि लोक बाजूला होत होते. काका चार पावलं मागे.

ते खिडकीशी बसले. काकू खाली उभ्या. चालक चढला तेव्हा काकू खिडकीजवळ गेल्या.

“परत येऊ नको, मास्तर,” त्या म्हणाल्या. “मी बदलले म्हणशील. सगळे म्हणतील. मला माझी खात्री नाही. आणि आता अंगात बळ आहे.”

काकांनी मान हलवली. बस निघाली.

त्यानंतर काकू एकट्या राहिल्या. व्यायाम सोडला नाही. दवाखान्यात मला भेटायला चालत यायच्या, साखरेचा कागद दाखवायच्या, आणि कुणी रांग मोडली तर त्यांचा पंजा अर्ध्यापर्यंत वर जायचा. मग त्या तो दुसऱ्या हातानं धरून खाली बसायच्या. पुढे त्या हुबळीला गेल्या, स्वतःच्या पायांनी गाडीत चढून. लेकीला त्यांनी आधीच बजावलं होतं म्हणे, “नातीला माझ्याजवळ एकटं ठेवायचं नाही.” लेक म्हणते, अम्मा आता बरी आहे, पण ठेवत नाही. विजयनगरातलं ते घर विकलं गेलं. गल्लीतल्या लोकांकडे आता सांगायला तेवढ्या गोष्टी नाहीत.

गेल्या भातकापणीच्या वेळी मी कृष्णराजनगरला गेले होते. काकांचा खांदा बघावा असं मनात होतंच. ते भावाच्या ओसरीवर बसून एका धोतराला टीप घालत होते. अंगावर थोडं मांस चढलं होतं. त्यांनी मला गूळ-पाणी दिलं, आणि चांगल्या कानाची बाजू माझ्याकडे करून बसले.

“ती उठते काय स्वतःची स्वतः?” त्यांनी विचारलं.

“उठतात. बाजारात जातात, दोन्ही पिशव्या स्वतः आणतात.”

“साखर?”

“ताब्यात आहे.”

त्यांचा चेहरा खरोखरच उजळला. “देवानं ऐकलं,” म्हणाले, आणि घरात हाक मारून भावजयीलाही ते सांगितलं. मग सुईत दोरा ओवत बसले. पहिल्यांदा ओवला नाही, दुसऱ्यांदा ओवला.

“इकडे यायचं म्हणते काय?”

“तसं काही बोलल्या नाहीत.”

ते टीप घालू लागले. बरीच लांब टीप घालून झाल्यावर, वर न बघता म्हणाले, “आली तर जेवल्याशिवाय पाठवायचा नाही मी तिला.” दोरा दातांनी तोडला. “पण पान अंगणात वाढायचं. सगळी माणसं असतील तिथं.”